इंजिन लिहिणाऱ्याच्या शेजारी कोण बसतं?

फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेझॉनने 'लंबरयार्ड' नावाचे गेम इंजिन जाहीर केले. फुकट, आणि तेही सोर्स कोडसकट. कंपनीला पैशाची ददात नव्हती, प्रोग्रॅमरांचा तुटवडा नव्हता. जगातला सर्वांत मोठा क्लाउड व्यवसाय घरचाच होता आणि दुसऱ्यांचे खेळ पाहायला जिथे लाखो लोक जमतात ते 'ट्विच'ही २०१४ मध्ये विकत घेऊन झाले होते. पुढे जुलै २०२१ मध्ये अमेझॉनने हे इंजिन लिनक्स फाउंडेशनच्या हवाली केले. डिसेंबर २०२२ मध्ये 'टूम रेडर' मालिकेतला पुढचा खेळ आपण प्रकाशित करणार असे अमेझॉनने सांगितले, तेव्हा तो खेळ बनत होता एपिक कंपनीच्या 'अनरिअल इंजिन ५'वर.

तंत्रज्ञान कंपनीने स्वतःचे गेम इंजिन बांधावे का, हा प्रश्न निघाला की चर्चा पैसे आणि माणसे यांच्यापाशीच थांबते. अमेझॉनकडे दोन्ही होते. म्हणून हे उदाहरण मला मोलाचे वाटते. नेहमीची कारणे बाजूला झाल्यावर उरते काय, ते त्यात दिसते.

पुढे बोलणारी दोन माणसे मी या वादासाठी उभी केली आहेत. मते मात्र पुण्याच्या कचेऱ्यांतून रोज ऐकू येणारी आहेत. मामांची हयात भोसरीच्या कारखान्यात यंत्रांचे कंट्रोलर बनवण्यात गेली. परदेशातल्या कंपनीने एखादी चिप बंद केली की इथली लाइन कशी अडते, हे त्यांनी पाहिले आहे. भाची बाणेरला एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅमर आहे. कामगारांना यंत्र चालवायला शिकवणारी सिम्युलेशन्स ही कंपनी करते, आता तिला खेळही करायचे आहेत, आणि 'मग इंजिन आपलंच का नको?' असा विषय वरच्या बैठकीत निघाला आहे. मामा त्याच्या बाजूने, भाची विरोधात. मी बराचसा भाचीच्या बाजूचा आहे, पण मामांच्या एका मुद्द्यापाशी मला थांबावे लागते.

मामा : आधी मला सांग, या इंजिनात असतं तरी काय?

भाची : वेळेचा हिशेब असतो, मामा. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं दाखवायची, म्हणजे एका चित्राला मिळतात साडेसोळा मिलिसेकंद, त्याहून अगदी किंचित जास्त. तेवढ्यात बोट कुठं टेकलं ते वाचायचं, पात्र कशाला धडकलं ते काढायचं, त्याचे हातपाय हलवायचे, समोरच्या शत्रूनं काय करायचं ते ठरवायचं, आवाज मिसळायचे, आणि कॅमेऱ्याला जेवढं दिसतं तेवढंच निवडून ग्राफिक्स चिपकडे पाठवायचं. एक काम लांबलं की चित्र अडखळतं. खेळणाऱ्याला कारण कळत नाही, पण हाताला कळतं.

मामा : मग हे आमचंच काम झालं की! स्पिंडल फिरत असताना कंट्रोलरला उशीर करून चालत नाही. आम्ही ते इथं बसून लिहिलं. तुम्हाला का जमू नये?

भाची : एवढंच असतं तर जमलं असतं. हे फक्त पोट आहे. वर एडिटर लागतो, ज्यात डिझायनर जग मांडतो, आर्टिस्ट झाडं लावतो, कुणीतरी दार उघडण्याचा वेग बदलून पाहतो. त्या माणसाला कोड येत नाही. त्यानं केलेला बदल दोन सेकंदांत दिसला तर तो दिवसात शंभर गोष्टी करून बघतो; पाच मिनिटं लागली तर दहा बघतो आणि पहिलीच बरी म्हणतो. खेळ चांगला होतो तो या शंभरांमुळे. आमच्या बैठकीत मात्र सगळे बोलतात ते रेंडरिंगवर, म्हणजे पडद्यावर चित्र काढण्यावर.

मामा : बरं. पण माझी काळजी वेगळी आहे. तू विषय काढल्यापासून मी वाचतोय. प्लेस्टेशन २ च्या जमान्यात 'रेंडरवेअर' नावाचं इंजिन होतं, इंग्लंडच्या क्रायटेरियन कंपनीचं. कितीतरी स्टुडिओंचे खेळ त्याच्यावर चालायचे. रॉकस्टारचे 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३', 'व्हाइस सिटी', 'सॅन अँड्रिआस', सगळे त्यावरच. आणि २००४ मध्ये काय झालं? इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं क्रायटेरियन विकत घेतली. म्हणजे रॉकस्टारच्या खेळाचं इंजिन एका रात्रीत स्पर्धकाच्या मालकीचं झालं! कुळकायद्याआधी कुळाची जी गत होती तीच ही. पिढ्यान्‌पिढ्या रान कसायचं तुम्ही, आणि मालकानं ते कुणाला विकलं हे तुम्हाला गावातून कळायचं.

भाची : रेंडरवेअरचं उदाहरण खरं आहे.

मामा : अजून ऐक. ऑगस्ट २०२० मध्ये एपिक आणि अॅपलची जुंपली, 'फोर्टनाइट'च्या पैशांवरून. अॅपलनं सांगितलं, एपिकची डेव्हलपर खातीच बंद करू. त्यात अनरिअल इंजिनचं काम करणारं खातंही आलं. ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नाही अशा लोकांच्या आयफोनवरच्या खेळांवर टांगती तलवार! कोर्टानं अनरिअलला संरक्षण दिलं म्हणून निभावलं. आणि 'युनिटी' या दुसऱ्या इंजिनवाल्या कंपनीनं तर कळसच केला. १२ सप्टेंबर २०२३ ला जाहीर केलं की ठरावीक कमाई आणि ठरावीक इन्स्टॉल ओलांडले की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे भरा. सर्वांत चढा दर २० सेंट. आणि हे आधीच बाजारात आलेल्या खेळांनाही लागू.

भाची : दहा दिवसांत त्यांना अटी सैल कराव्या लागल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांचे प्रमुख पायउतार झाले. वर्षभरानं ती फी पूर्णच मागे घेतली.

मामा : मागे घेतली, हे झालं त्यांचं. लावता येते, हे कळलं ते आपल्यासाठी. मी माझ्या कंट्रोलरमध्ये असा भाग कधीच बसवला नसता की ज्याची किंमत मी माल विकल्यानंतर ठरणार आहे.

हा आक्षेप सहज झटकता येण्यासारखा नाही. युनिटीच्या त्या घोषणेनंतर लोक खवळले ते रकमेमुळे कमी आणि मागच्या तारखेने हिशेब बदलल्यामुळे जास्त. ज्या अटींवर विश्वास ठेवून लोकांनी उमेदीची चार-पाच वर्षे एका खेळात घातली, त्या अटीच अस्थिर निघाल्या. 'टेरारिया' हा गाजलेला खेळ करणाऱ्या री-लॉजिकने त्याच महिन्यात 'गोडो' आणि 'एफएनए' या दोन मुक्त प्रकल्पांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. टेरारिया स्वतः युनिटीवर नाही. तो मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सएनए' या साधनसंचावर लिहिलेला आहे, आणि ते एक्सएनए मायक्रोसॉफ्टने केव्हाच वाऱ्यावर सोडले. एफएनए म्हणजे इतरांनी त्याचीच नव्याने केलेली मुक्त आवृत्ती. दुसऱ्याच्या पायावर उभे राहणे म्हणजे काय, हे या स्टुडिओने अनुभवलेले होते.

मामा : मग? आता तरी पटलं का आपलं इंजिन असावं?

भाची : आपलं असावं हे पटलं. आपण ते बांधावं, हे अजून नाही. अमेझॉनकडेच बघ ना. त्यांनी शून्यातूनही सुरुवात केली नव्हती. जर्मनीच्या क्रायटेककडून 'क्रायइंजिन'चा परवाना घेतला आणि त्याचं लंबरयार्ड केलं. म्हणजे उत्तम रेंडरिंग पहिल्या दिवसापासून हाताशी. तरी त्याच्यावर स्वतःचे खेळ धड उभे राहिले नाहीत. 'ब्रेकअवे' जाहीर करून रद्द केला. 'क्रूसिबल' मे २०२० मध्ये आणला, जूनअखेर बाजारातून मागे घेऊन पुन्हा चाचणीत टाकला आणि त्याच वर्षी बंद केला.

मामा : 'न्यू वर्ल्ड' चालला ना पण? स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी नऊ लाखांवर लोक खेळत होते म्हणे.

भाची : चालला, आणि त्या टीमचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण तो आला सप्टेंबर २०२१ मध्ये. त्याच्या दोन महिने आधीच लंबरयार्ड लिनक्स फाउंडेशनकडे गेलं होतं. तू वेळ बघ. इंजिन जाहीर झालं २०१६ ला, पहिला मोठा चाललेला खेळ पाच वर्षांनी. मधल्या काळात अमेझॉनच्या स्टुडिओंना त्या इंजिनावर खेळ करायचे होते, आणि इंजिन तर अजून घडतच होतं. शिवाय ते घडत होतं कुणासाठी? साऱ्या जगासाठी. परवान्यात अट होती: इंजिन फुकट, स्वतःचे सर्व्हर वापरायचे तर खुशाल वापरा, पण भाड्याचा क्लाउड घ्यायचा असेल तर तो अमेझॉनचाच.

मामा : त्यात वावगं काय? धंदा आहे.

भाची : वावगं काहीच नाही. फक्त इंजिन कशासाठी जन्माला आलं ते त्यातून कळतं. क्लाउड विकायला. त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक क्लाउडचं खातं सांभाळणारा माणूस. दार उघडण्याचा वेग बदलून बघणारा डिझायनर रांगेत कितवा?

मामा : बरं, अमेझॉनचं सोड. रॉकस्टारनं बांधलंच ना? कॅपकॉमचं 'आरई इंजिन' आहे, २०१७ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ७'पासून त्यांचे एकाहून एक खेळ त्यावर येतायत. हॉलंडच्या गुरिल्लाचं 'डेसिमा' इतकं चांगलं निघालं की जपानच्या कोजिमांनी 'डेथ स्ट्रँडिंग' त्यावर केला. या सगळ्यांना वेड लागलं होतं?

भाची : मुळीच नाही. पण रॉकस्टारनं पहिलं काय केलं सांगू? रेंडरवेअर गेल्यावर त्यांनी आपलं 'रेज' इंजिन लिहायला घेतलं, आणि त्यावरचा पहिला खेळ होता टेबल टेनिस! २००६ मध्ये. दोन खेळाडू, एक टेबल, एक चेंडू. पुरं शहर उभं करणारा 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' त्यानंतर दोन वर्षांनी, २००८ ला आला.

मामा : टेबल टेनिस?

भाची : हो. चेंडूची फिरकी, खेळाडूचा तोल, घामानं अंगाला चिकटलेला शर्ट. एवढंच, पण अगदी नीट. इंजिनात काय कच्चं आहे ते लहान खेळात लगेच सापडतं, कारण लपायला जागा नसते. आणि सापडलं की ते दुरुस्त करणारा माणूस त्याच इमारतीत असतो.

इथे मला दोघांच्या मध्ये बोलावेसे वाटते, कारण माझे म्हणणे याच ठिकाणी आहे. जी इंजिने टिकली त्यांच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: इंजिन लिहिणाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर खेळ करणारा बसलेला असतो, आणि संध्याकाळच्या आत येऊन 'हे चालत नाहीये' असे तोंडावर सांगतो. हे टेबल लांब गेले की इंजिन बिघडू लागते, मग कंपनी कितीही मोठी असो. फ्रॉस्टबाइट हे इंजिन स्टॉकहोमच्या डाइस स्टुडिओने आपल्या 'बॅटलफिल्ड' या युद्धखेळांसाठी केले, २००८ पासून वापरले, आणि त्या खेळांत ते शोभूनही दिसले. मग इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ते आपल्या इतर स्टुडिओंमध्येही नेले. कॅनडातल्या बायोवेअरला लागणारी साथीदारांची टोळी, सामानाची पोतडी, लांबलचक कथेत कुठेही थांबून खेळ साठवून ठेवण्याची सोय, यातले बरेच काही त्यात आयते नव्हते, कारण बंदूकवाल्या खेळाला त्याची कधी गरज पडली नव्हती. तेच इंजिन, तीच कंपनी, पण मधले अंतर एका महासागराचे.

युनिटीची जन्मकथाही या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. कोपनहेगनच्या तीन तरुणांनी 'गूबॉल' नावाचा खेळ केला, तो २००५ मध्ये आला आणि फारसा चालला नाही. तो करताना बनवलेली साधने मात्र इतकी हाताशी बसली की त्याच वर्षी त्यांनी तीच विकायला काढली. पुढे युनिटी प्रचंड वाढली, पण घरात खेळ करणारे कुणी उरले नाही. खेळ घरीच करून इंजिन तपासावे म्हणून त्यांनी 'गिगाया' हा नमुना खेळ हाती घेतला आणि २०२२ मध्ये तोही मध्येच सोडला. त्यांच्याच वापरकर्त्यांना त्याचे वाईट वाटले, आणि ते साहजिक होते. एपिकच्या घरी फोर्टनाइट आहे. अनरिअलमध्ये काही बिघडले तर ठेच लागणारा पहिला पाय एपिकचाच असतो.

मामा : मग तुमच्याकडेही खेळ होणारच आहे ना? शेजारचं टेबल तुमच्याकडेही आहे.

भाची : खेळ व्हायचाय, मामा. पहिला पूर्णही झालेला नाही. आज इंजिन हाती घेतलं तर दोन वर्षं आम्ही अशी साधनं बनवू की ज्यांचा उपयोग नेमका कशाला हे आम्हालाच ठाऊक नसेल. आणि लिहून संपत नाही हे काम. दुकानात मिळणारे अँड्रॉइड फोन घे. एकात क्वालकॉमची ॲड्रिनो चिप, दुसऱ्यात मालीवाली, तिसऱ्यात पॉवरव्हीआर. प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. एकावर पाणी निळं दिसतं तो शेडर दुसऱ्यावर काळा ठिक्कर पडतो, आणि तो फोन आपल्याकडे नसतो, गिऱ्हाइकाकडे असतो. २०१८ मध्ये अॅपलनं ओपनजीएल, म्हणजे ग्राफिक्स चिपशी बोलायची जुनी पद्धत, कालबाह्य म्हणून जाहीर केली. ज्यांचं इंजिन त्यावर होतं त्यांना अॅपलच्याच 'मेटल'कडे वळणं आलं. २०१९ मध्ये गुगलनं ६४ बिटची अट घातली. यातलं काहीही खेळणाऱ्याला दिसत नाही. पण कुणीतरी दर वर्षी हे करत बसायला लागतं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टला विचार. पहिला 'विचर' त्यांनी २००७ मध्ये बायोवेअरच्या ऑरोरा इंजिनावर केला. २०११ चा दुसरा स्वतःच्या 'रेडइंजिन'वर. २०१५ चा तिसरा जगभर गाजला. आणि मार्च २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की पुढचा विचर अनरिअल ५ वर. एवढं यश मिळालेली माणसं हे ओझं खाली ठेवतात, आणि आम्ही उचलायला निघालोय.

मामा : ओझं खरं आहे. पण मी तुला एक विचारतो, ते मन लावून ऐक. तुम्ही सगळ्यांनी दुसऱ्याचंच इंजिन वापरलं, तर इंजिनाच्या पोटात काय चालतं हे जाणणारी माणसं आपल्याकडे तयार कुठून होणार? आमच्या कारखान्यात परदेशी कंट्रोलर आयते यायचे तेव्हा आमचे इंजिनिअर बटणं दाबायला शिकले. आम्ही पहिला कंट्रोलर स्वतः लिहिला. तो काही फार चांगला नव्हता. पण ती पाच पोरं पुढे जिथं गेली तिथं त्यांना कुणी फसवू शकलं नाही.

हाच तो मुद्दा. पैशाचा नाही, मालकीचाही नाही. तो कसबाचा आहे. आपल्याकडे खेळ करणारे गुणी लोक आहेत यात शंका नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर उभारलेला खेळ जगापुढे आणला, तो अनरिअल इंजिन ४ वर. लहान टीमला हे शक्य झाले ते आयते इंजिन होते म्हणूनच. त्यांनी इंजिनापासून सुरुवात केली असती तर राजी कदाचित आलाच नसता. तरीही मामांचा प्रश्न उरतोच. साडेसोळा मिलिसेकंदांच्या आत डोकावून पाहणारे हात आपल्याकडे किती आहेत?

भाची : मी तुला एक आमच्या कामातली गोष्ट सांगते. आमच्या सिम्युलेशनमधल्या सूचना मराठीत असतात. बाजारातल्या लोकप्रिय इंजिनात देवनागरी टाकली की काय दिसायचं माहितीये? 'किल्ला' लिहिलं, तर संगणकात आधी 'क' साठवलेला असतो, मग वेलांटी. वेलांटी काढायची असते 'क'च्या आधी. इंजिन बिचारं साठवलेल्या क्रमानंच एकेक अक्षर ठेवत जायचं, त्यामुळे वेलांटी जाऊन बसायची 'क'च्या पुढे, आणि 'ल्ल' एकत्र यायचाच नाही, मध्ये हलंत लोंबकळत राहायचा. 'मार्ग' लिहिलं तर रफार 'ग'च्या डोक्यावर चढायचाच नाही. 'र' पाय मोडून तिथंच उभा.

मामा : आणि हे कामगारांनी वाचायचं?

भाची : लोक तोडगे काढायचे. छापखान्यांत श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुने फाँट चालायचे ना, तसल्या फाँटमध्ये मजकूर बदलून घ्यायचा आणि तो इंजिनाला इंग्रजी समजून काढू द्यायचा. अंधारात चाचपडल्यासारखं काम. एक शब्द बदलला की पुन्हा सगळं.

मामा : बघ! आपलं इंजिन असतं तर पहिल्या दिवशी हे नीट झालं असतं.

भाची : आपलं असतं तरी आम्ही 'हार्फबझ'च आणलं असतं. मजकुराची अक्षरं नीट जुळवून मांडणारी मुक्त लायब्ररी आहे ती. तुझ्या फोनवर मराठी नीट दिसते ती तिच्यामुळेच. फायरफॉक्स आणि क्रोममध्येही तीच. गोडो इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत, मार्च २०२३ मध्ये, ती आत आली. म्हणजे तोडगा वर्षानुवर्षं सगळ्यांसाठी खुला होता. इंजिनं करणाऱ्यांच्या शेजारी मराठी वाचणारं कुणी नव्हतं, एवढंच.

मामा : गोडो कुणाचं?

भाची : सुरुवात अर्जेंटिनात. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या दोघांनी तिथल्या स्टुडिओंच्या कामांसाठी ते वर्षानुवर्षं घडवलं आणि २०१४ मध्ये एमआयटी परवान्यावर खुलं केलं. आता तू मघाशी कुळाचं बोललास ना? १९४८ चा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. एमआयटी परवाना तसाच आहे. गोडोचा कोड आज आमच्या हातात आला, की उद्या ते लोक बदलोत, विकले जावोत, रागावोत, आजचा कोड आमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. त्यात काहीही बदलू शकतो, विकू शकतो, इन्स्टॉलमागे कुणाला काही द्यायचं नाही.

मामा : कुळाला जमिनीची किंमत भरावी लागली होती, बाळा.

भाची : इथंही भरावी लागते, पण कामानं. प्लेस्टेशन, निन्टेन्डो यांच्या यंत्रांची आतली माहिती गोपनीयतेच्या करारात असते, त्यामुळे त्यांच्यासाठीचा कोड खुल्या प्रकल्पात ठेवताच येत नाही. युनिटी, अनरिअल ते आयतं देतात. गोडोवाल्याला वेगळी वाट काढावी लागते, कुणाची तरी सेवा विकत घ्यावी लागते. आमचं काम टॅबलेटवरचं आहे म्हणून आम्हाला आज ते परवडतं. उद्या कन्सोलवर खेळ न्यायचा ठरला तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

मामा : आणि माझी ती पाच पोरं?

भाची : ती अशीच तयार होतात, मामा. व्हॉल्व्हचा 'हाफ-लाइफ' १९९८ चा. तो त्यांनी आयडी सॉफ्टवेअरच्या 'क्वेक' इंजिनाचा परवाना घेऊन केला. पण कोड हातात होता. खेळाला लागेल तसा एकेक भाग बदलत गेले, आणि २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' आला तो त्यांच्या स्वतःच्या 'सोर्स' इंजिनावर. 'कॉल ऑफ ड्यूटी'ही तसाच, २००३ मध्ये आयडीच्या इंजिनावर उभा राहिला आणि मग त्याचं स्वतःचं इंजिन होत गेलं. तिथं आधी खेळाचा दिवस ठरला होता, आणि इंजिन त्याच्या मागे धावत गेलं.

मामा : अमेझॉननंही कोड घेऊनच सुरुवात केली होती की. तू म्हणालीस, क्रायइंजिनचा.

भाची : घेतला, आणि खेळाआधीच जगाला वाटला. व्हॉल्व्हनं सहा वर्षं तो स्वतःच्या खेळांच्या हवाली केला.

मामा इथे थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटते, त्यांना उत्तर पटले होते, पण भाचीच्या कंपनीतली माणसे तो कोड खरोखर उघडतील का, ही शंका बाकी होती. ती मलाही आहे. मुक्त परवाना हातात असणे आणि आतले ज्ञान असणे यात फरक आहे. गोडो उतरवून घेतले आणि वरवर वापरले, तर मामांच्या कारखान्यातले बटण दाबणारे इंजिनिअर पुन्हा तयार होतील, एवढेच की बटण फुकट मिळालेले असेल.

पुण्यात याचे एक चांगले उदाहरण आहे. सुपरगेमिंग या इथल्या कंपनीने खेळाच्या मागे लागणारी सर्व्हरची यंत्रणा, म्हणजे खेळाडूंच्या जोड्या जुळवणे, त्यांची खाती, चालू खेळात बदल पोहोचवणे, हे सारे 'सुपरप्लॅटफॉर्म' या नावाने स्वतः बांधले. पॅक-मॅनचा अधिकृत मोबाइल खेळही त्याच्यावर चालला. रेंडरिंगची शर्यत त्यांनी इतरांना धावू दिली आणि लाखो भारतीय फोन एकाच वेळी जोडले जातात ती अडचण आपली मानली. कोणता भाग स्वतः बांधायचा हे ठरवायला आपल्या रोजच्या कामाइतका चांगला सल्लागार नाही, असे मी मानतो.

भाची : आमच्या बाबतीत तो भाग कोणता हे मला माहीत आहे. लेथवर टूल कामाला टेकतं तेव्हा आवाज बदलतो, कंपन बदलतं, धातूची निघणारी चिप निळी पडते. कुठल्याही खेळाच्या इंजिनात हे नाही आणि असणारही नाही. ते आम्ही लिहावं. तेवढंच, पण जगात कुणी केलं नसेल इतकं नीट.

मामा : आवाज बदलतो हे तुमच्या प्रोग्रॅमरांनी ऐकलंय?

भाची : दोघांना पाठवते भोसरीला. आठवडाभर.

मामा : आठवड्यात काही होत नाही. महिना पाठव. आणि साहेबांसाठी जो कागद लिहिते आहेस, त्यात काय मागणार?

भाची : गोडो घ्यायचं. दोन प्रोग्रॅमर असे, की ज्यांना निम्मा वेळ इंजिनाच्या आत काम करायला मोकळा. ते जे दुरुस्त करतील ते मूळ प्रकल्पाला परत द्यायचं, म्हणजे पुढच्या आवृत्तीत आम्हाला ते पुन्हा शिवत बसायला नको. लेथचा भाग आपला. पहिला खेळ छोटा.

मामा : आणि त्या अर्जेंटिनाच्या लोकांना आजवर तुमच्या कंपनीनं काय दिलंय?

भाची : अजून काहीच नाही.

मामा : मग तेही लिही त्या कागदात.

भाची : किती लिहू?

मामा : परवान्यावर वर्षाला जेवढे वाचणार असतील त्याच्या निम्मे. साहेब कमी करतील, पण आकडा आधी तिथून सुरू होऊ दे.